त्या रात्री सिस्टरला एकटं घरी पाठवू नका

वॉर्डात पेशंट अचानक कोसळला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. धावपळ, इमर्जन्सी ट्रॉली, सीपीआर, मग डॉक्टरांनी घड्याळाकडे बघून सांगितलेली वेळ. नातेवाईकांना सांगायचं, कागद पुरे करायचे, बॉडी पॅक करायची, एमएलसी, म्हणजे पोलीस केस, असेल तर पोलिसांना कळवायचं. गादी पुसून होते, चादर बदलते, तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन येतो, तुमच्याकडे एक बेड रिकामा झालाय ना, पेशंट पाठवतोय. तो पेशंट उतरवून घेणारी सिस्टर तीच असते, जिने तासाभरापूर्वी त्याच बेडवरच्या माणसाला शेवटचं इंजेक्शन दिलेलं असतं. औषध तेच होतं ना, डोस तेवढाच होता ना, हे डोक्यात गरगरत असताना तिला नऊची इंजेक्शनं द्यायची असतात. अख्खा वॉर्ड बाकी असतो. ती ट्रॉली ओढत एक नंबरच्या बेडपासून सुरुवात करते.

एवढ्या सगळ्या कामांत तिच्याकडे बघणं हे कुणाचंच काम नसतं.

पूर्वी ते इन्चार्ज सिस्टरचं असायचं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण असायचं. माझी उमेदीची वर्षं वॉर्डात गेली आणि पुढची नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात, त्यामुळे ही रीत चालू असलेलीही पाहिली आणि मोडत गेलेलीही. ती वाचवावी म्हणून हे लिहिते आहे. इन्चार्ज सिस्टरांना, अधिसेविकांना, रुग्णालयाच्या अधीक्षकांना, नर्सेसच्या संघटनांना आणि ज्यांच्या घरात सिस्टर आहे अशा प्रत्येकाला हे सांगणं आहे.

ती रीत कशी होती ते एका प्रसंगातून सांगते. त्याआधी इन्सुलिनचं थोडं समजून घ्यायला हवं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं औषध ४० च्या सिरिंजने ओढलं तर पेशंटच्या अंगात अडीचपट डोस जातो. स्टोअरमधून एका आठवड्यात एक प्रकार येतो, पुढच्या आठवड्यात दुसरा. वॉर्डातल्या मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली लाल आणि नारिंगी यांत किती फरक दिसतो, हे धोरण ठरवणाऱ्यांनी एकदा रात्री येऊन बघावं.

तर एका संध्याकाळी असंच झालं. सिस्टर नोकरीत नवी होती. पेशंटला घाम फुटला, तो बरळायला लागला, साखर तपासली तर तळाला गेलेली. ग्लुकोज चढवलं, आयसीयूत हलवलं. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला, पण त्या संध्याकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इन्चार्ज बाई ड्यूटी संपवून क्वार्टरवर गेल्या होत्या, त्या घरच्या साडीवर आणि चपलांवर धावत आल्या. पेशंटची चौकशी झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या मुलीच्या कमरेच्या औषधाच्या कपाटाच्या चाव्या काढून घेतल्या. "आज तू कपाटाला हात लावायचा नाहीस. तुझे पेशंट मी बघते." मग तिला लिननच्या खोलीत गाठोड्यावर बसवलं आणि हातात कागद दिला. "जसं झालं तसं लिही. एक अक्षर कमी नको, एक जास्त नको." ती लिहीत होती तोवर बाई दारात उभ्या राहिल्या, कुणाला आत येऊ दिलं नाही. निवासी डॉक्टरांनाही नाही. कागदावर वेळ घालून स्वतःची सही केली. पाळी संपल्यावर तिला हॉस्टेलवर न पाठवता आपल्या क्वार्टरवर नेलं, पिठलं-भात वाढला, आपल्या मुलींच्या शेजारी अंथरूण घातलं. दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या केबिनमध्ये तिच्याबरोबर त्या स्वतः उभ्या होत्या. आणि पेशंटच्या बायकोला डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं तेव्हाही.

लक्षात घ्या, बाईंनी "काही झालं नाही गं" असं एकदाही म्हटलं नाही. चूक झाली होती, ती कागदावर आली, वरपर्यंत गेली. त्या मुलीला ताकीदही मिळाली. पण त्या रात्री ती एकटी नव्हती. पुढे ती बरीच वर्षं त्याच वॉर्डात राहिली, आणि इन्सुलिनच्या ट्रेत दोन रंगांची टोपणं एकत्र दिसली की सगळा वॉर्ड डोक्यावर घ्यायची. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलींकडून ती चूक होणं अवघडच होतं.

जिला असं कुणी भेटत नाही, तिचं काय होतं? ती निळ्या डब्यात टाकलेली रिकामी अ‍ॅम्प्युल शोधून काढून पुन्हा पुन्हा वाचते. घरी सांगत नाही, कारण नवरा म्हणेल सोड नोकरी, सासू म्हणेल म्हणून सांगत होते. झोप लागत नाही, लागलीच तर मॉनिटरचा अलार्म ऐकू येतो. कुणी सोमवार धरते, कुणी गेलेल्या पेशंटच्या नावाने गुपचूप दिवा लावते. त्यात हसण्यासारखं काही नाही, त्यानेही माणूस तगून राहतं. काही जणी इतक्या जपून वागायला लागतात की एका इंजेक्शनला दहा मिनिटं लावतात, बाकीची कामं तुंबतात आणि त्या घाईतून दुसरी चूक होते. काही कडक होतात. पेशंटशी तुटक बोलायचं, डोळ्यांत बघायचं नाही, म्हणजे पुन्हा लागणार नाही. बाहेर लोक म्हणतात, सिस्टर खेकसतात. काही जणी ओपीडीचं, नाहीतर उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाचं पोस्टिंग मागून घेतात आणि पेशंटपासून कायमच्या लांब जातात. चांगल्या सिस्टर अशाच जातात. जिला काही वाटतच नाही तिची बदली कशाला होते?

यावर बाहेर रीतसर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली लिहिलं की चुकीचा पहिला बळी पेशंट, पण ज्याच्या हातून ती होते तोही जखमी होतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्यांनी सांगितलेली हकीगत एका शिकाऊ डॉक्टरची होती. त्याला ईसीजीवरची खूण दिसली नाही, आणि सगळ्या रुग्णालयात त्याची कुजबुज चालू झाली. पुढे मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या सुझन स्कॉट या परिचारिकेने अशा ३१ जणांशी, त्यांत परिचारिकाही होत्या, सविस्तर बोलून २००९ मध्ये मांडलं की बहुतेकांची वाट एकसारखी असते. आधी गोंधळ, मग तोच प्रसंग मनात फिरत राहणं, मग "आता माझ्यावर कोण विश्वास ठेवेल" हा प्रश्न, मग चौकशी सोसणं, मग आधाराचा शोध. शेवटी तीन फाटे फुटतात. माणूस काम सोडतो, किंवा कसाबसा दिवस ढकलतो, किंवा त्या अनुभवातून आणखी चांगला होतो. कोण कुठल्या फाट्याला लागणार हे बरंचसं सुरुवातीच्या काही दिवसांत त्याला कोण भेटलं यावर ठरतं.

स्कॉटबाईंच्या रुग्णालयाने मग मदतीची तीन पायऱ्यांची पद्धत बसवली. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पहिली पायरी. त्यांचा अंदाज असा की साधारण ६० टक्के लोकांना आपल्याच वॉर्डातल्या, आपल्याच जातकुळीच्या माणसाने वेळेवर जवळ बसून विचारपूस केली तर तेवढं पुरतं. ३० टक्क्यांना थोडं प्रशिक्षण घेतलेला सहकारी लागतो. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाची गरज उरलेल्या १० टक्क्यांना. म्हणजे चाव्या काढून घेणं, दारात उभं राहणं आणि पिठलं-भात वाढणं, हे जे आपल्याकडे होतं, त्यालाच तिकडे पहिली पायरी म्हणतात. त्यांना ते नव्याने उभं करावं लागलं. आपण मात्र आपल्याकडे होतं ते जाऊ देतो आहोत.

जातंय कशामुळे? क्वार्टर्स पडल्या किंवा पाडल्या, इन्चार्ज बाई पंचवीस किलोमीटरवरून बसने येतात. जागा रिकाम्या राहतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवण्याच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक सिस्टर असं आहे. आपल्या जनरल वॉर्डातल्या रात्रपाळीला कोणी हे वाचून दाखवलं तर तिथल्या मुली थट्टाच समजतील. त्यात भरती कंत्राटी. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आलेल्या मुलीला आज हा वॉर्ड, उद्या तो. तिला इन्चार्जचं नाव ठाऊक होईपर्यंत ऑर्डर संपते. खासगी नर्सिंग होममधल्या मुलीला तर एचआरचा फोन हीच इन्चार्ज. ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, द्यायच्या-घ्यायच्या वेळी पूर्वी दोन पाळ्या एकत्र भेटायच्या, दोन शब्द जास्त बोलले जायचे, कुणाचा चेहरा उतरलाय हे दिसायचं. आता पुढची सिस्टर उशिरा पोहोचते, आधीच्या सिस्टरची बस चुकत असते, आणि ओव्हर होतो लिफ्टच्या दारात. जे उरलं ते मेमो. घटना घडल्यावर रुग्णालयाकडून सिस्टरपर्यंत पहिला पोहोचणारा शब्द म्हणजे "चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करावा." तो ज्या भाषेत लिहिलेला असतो ती वाचून निर्ढावलेल्या माणसाचेही हात थरथरावेत.

एकटं पाडल्याने काय होतं याची दोन उदाहरणं तिकडचीच देते, कारण ती जगजाहीर आहेत. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयात किंबर्ली हायट या परिचारिकेने जवळजवळ पंचवीस वर्षं काढली होती. सप्टेंबर २०१० मध्ये तिने एका अत्यवस्थ तान्ह्या बाळाला कॅल्शियम क्लोराइड दिलं. द्यायचं होतं १४० मिलिग्रॅम, गेलं १.४ ग्रॅम, दसपट. गणित चुकलं. चूक लक्षात येताच तिनेच सगळ्यांना सांगितली. काही दिवसांनी बाळ गेलं. त्याचा आजारही गंभीर होता, त्यामुळे मृत्यू चुकीनेच झाला का याबद्दल मतभेद राहिले. रुग्णालयाने तिला काढलं, नर्सिंग परिषदेने दंड आणि देखरेखीखाली काम करण्याची अट घातली, नवी नोकरी मिळेना. एप्रिल २०११ मध्ये तिने आपलं आयुष्य संपवलं.

दुसरी टेनेसीतल्या नॅशव्हिलची राडोंडा वॉट. डिसेंबर २०१७ मध्ये स्कॅनला घाबरलेल्या ७५ वर्षांच्या बाईला शांत करायचं औषध द्यायचं होतं. तिने यंत्रकपाटातून स्नायू लुळे करणारं व्हेक्युरोनियम काढलं आणि दिलं. चूक लहान नव्हती. बाटलीवर इशारा होता, औषध पूड होतं आणि हवं असलेलं औषध द्रव, थांबायच्या खुणा एकापेक्षा जास्त होत्या. तिनेही लगेच कबूल केलं. मार्च २०२२ मध्ये ज्युरीने तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवलं आणि मे महिन्यात तीन वर्षांची प्रोबेशनची शिक्षा झाली. तिकडच्या परिचारिका हादरल्या त्या शिक्षेच्या वर्षांनी नाही. खरं बोललीस तर कोर्टात उभी राहशील, एवढा धडा सगळ्यांनी घेतला.

आपल्याकडचंही आठवा. ९ जानेवारी २०२१ ची रात्र, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली, सात वाचवली गेली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागात आग लागली, त्याच दिवशी अकरा पेशंट गेले, आणि पुढे अटक झालेल्यांत तीन परिचारिका होत्या. कोण किती दोषी ते न्यायालयाने ठरवावं, त्यावर मला काही म्हणायचं नाही. मला विचारायचं आहे ते भंडाऱ्याच्या त्या कक्षातल्या बाकीच्या सगळ्या सिस्टरांबद्दल. ज्यांनी त्या बाळांना रोज मांडीवर घेऊन दूध पाजलं होतं, ज्या धुरात आत गेल्या, ज्या त्या रात्री नेमक्या सुट्टीवर होत्या. त्यांच्याजवळ कोण बसलं? चौकशी समित्या बसल्या, हे आपल्याला माहीत आहे.

कायद्यातही एक बारीक गोष्ट आहे, नर्सेसच्या संघटनांनी ती नीट वाचावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून उपचार करताना तसं झालं तर ती दोन वर्षांपर्यंतच. आणि नोंदणीकृत म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली नोंद असलेला, असं तिथे स्पष्टीकरणच दिलं आहे. म्हणजे डॉक्टर. त्याच बेडजवळ, त्याच डॉक्टरच्या सांगण्यावरून सुई टोचणारी सिस्टर या सवलतीत बसत नाही. तिलाही ती मिळावी, ही मागणी वेतन आयोगाच्या मागणीइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहायला हवी.

आता कुणी विचारेल, ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? त्यांच्या दुःखापुढे सिस्टरचं मन सांभाळायचं का? आधी त्यांचंच. त्यांना खरं कळलं पाहिजे, लवकर कळलं पाहिजे, आणि समजेल अशा भाषेत. पण घाबरलेल्या, एकट्या सिस्टरकडून खरं बाहेर येत नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात त्यांना अपेक्षेच्या उलटंच चित्र दिसलं. जिथली प्रमुख सिस्टर समजूतदार आणि टीम एकजुटीची, त्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथे माणसं चूक सांगायला घाबरत नव्हती. ज्या वॉर्डाच्या इन्सिडंट रजिस्टरमध्ये वर्षभर एकही नोंद नाही, तिथे माझ्या घरच्या माणसाला ठेवायला मी तयार नाही.

आणि एकमेकींना धरून राहणं आपल्या नर्सेसना शिकवावं लागतं असंही नाही. मुंबईच्या केईएममध्ये १९७३ साली तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. ज्या सिस्टरला त्यांच्यातल्या बहुतेकींनी कधी चालताना-बोलताना पाहिलं नव्हतं, तिला ज्यांनी एवढं जपलं, त्यांच्याच व्यवसायात शेजारच्या वॉर्डातली पोरगी दोन रात्री झोपली नाही हे कळू नये?

म्हणून मागणं अगदी साधं आहे. ज्या पाळीत असं काही घडेल, त्या पाळीतल्या संबंधित सिस्टरला तासाभराच्या आत औषधांच्या कामातून मोकळं करा, आणि तेवढा वेळ तिच्या रजेतून कापू नका. तिला एकटीला घरी पाठवू नका. कुणीतरी दारापर्यंत जा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. झालेलं तिच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या, पण मेमोची भाषा आणि वेळ बदला. ज्यांनी चौकशी करायची आणि ज्यांनी आधार द्यायचा, ती माणसं वेगळी ठेवा, नाहीतर सिस्टर कुणाशीच बोलणार नाही. चौकशीत काय निघालं ते तिला सांगा. कितीतरी जणींना वर्षानुवर्षं ते कळतच नाही. कंत्राटी मुलीला यातलं सगळं लागू करा, तिला तर आधी. सिस्टरचा चेहरा आठवडाभर उतरलेलाच राहिला, ती खायची बंद झाली, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलून गेली, तर मानसोपचार विभागात घेऊन जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस आणि मोफत चालतो, तो ड्यूटी रूमच्या भिंतीवर हवा.

डॉक्टरांना एवढंच सांगणं की नातेवाईकांसमोर "इंजेक्शन सिस्टरनी दिलं होतं" हे वाक्य बोलू नका. ते खरं असलं तरी त्या क्षणी ते बोलण्यामागचा हेतू सगळ्यांना कळतो. नर्सिंग कॉलेजांनी ड्रग कॅल्क्युलेशनच्या तासालाच, गणित चुकलं तर काय करायचं, कुणाला सांगायचं, मनाचं काय होतं, हे शिकवावं. आम्ही औषध देण्याचे पाच नियम पाठ करून घेतले, योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. ते मोडले तर पुढे काय, याचा धडाच नव्हता. घरच्यांनीही, सिस्टर ड्यूटीवरून गप्प आली तर लगेच चहा टाकायला सांगू नये.

येत्या १२ मे ला परिचारिका दिन येईल. दिवे लागतील, एकसारख्या साड्या होतील, प्रमुख पाहुणे सेवाभावावर बोलतील आणि पेढे वाटले जातील. ते करा, वर्षातून एकदा तेवढी हौस हवीच. पण पाहुणे गेल्यावर दार लावून एक तास बसा आणि सीनियर सिस्टरांना बोलू द्या. त्यांच्या काळात कुणी त्यांच्या चाव्या काढून घेतल्या होत्या ते सांगू द्या. ज्यांच्यासाठी कुणीच आलं नव्हतं त्यांनाही.

बाकी कामाला जीआर लागत नाही. पुढच्या महिन्याचा ड्यूटी चार्ट लावाल तेव्हा प्रत्येक पाळीपुढे एक नाव आणि फोन नंबर जास्त लिहा, रात्री दोन वाजता काही घडलं तर कुणाला उठवायचं ते. लिहिण्याआधी त्या बाईंना विचारून घ्या.